आईच्या खोलीचा हिवाळा : प्रकल्प नोंदी

18 ऑक्टोबर

यंदाचं काम एकच. बर्फ पडायच्या आत आईची खोली राहण्याजोगी करायची.

घराच्या उत्तर-पश्चिम कोपऱ्यातली ही खोली. दोन भिंती बाहेरच्या, खिडकी उत्तरेला, ऊन कधीच नाही. गेल्या हिवाळ्यात आई दिवसभर बैठकीत बसून राहायची आणि झोपायला तेवढी खोलीत जायची. तक्रार तिने एकदाही केली नाही. "मला इथंच बरं वाटतं, मुलं दिसतात," म्हणायची. पण मुलांचा अभ्यास, टीव्ही, माझे कामाचे फोन, सगळं त्याच बैठकीत. तिला घटकाभर आडवं व्हायचं असलं तरी सोय नसायची. बाहेर बर्फ असला की घर आधीच लहान होतं. त्यात थंडीने एक खोली बंद पडली की सगळ्यांचा दिवस एकाच खोलीत कोंबला जातो, आणि त्यात सगळ्यात आधी जागा जाते ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाची. म्हणून बाकीच्या खोल्या नंतर.

लक्ष्य ठरवलं: बाहेर उणे 10 अंश सेल्सिअस असताना खोलीत 20. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरात किमान 18 अंश सुरक्षित धरलेत, आणि वृद्ध, लहान मुलं, आजारी माणसं यांना त्याहून जास्त लागू शकतात असंही म्हटलंय. म्हातारपणी शरीराला थंडीची जाणीव उशिरा होते. त्यामुळे "मला नाही वाजत थंडी" हे आईचं म्हणणं कितीही मनापासूनचं असलं तरी मी थर्मामीटरवरच विश्वास ठेवणार.

19 ऑक्टोबर

खोलीत तीन थर्मामीटर लावले: पलंगाच्या उंचीवर, जमिनीलगत आणि खिडकीच्या कट्ट्यावर. एक बाहेर. थोरलीने वही घातली आहे. सकाळी शाळेत जाण्याआधी आणि रात्री झोपताना आकडे लिहायचे हे तिचं काम. तिने स्वतः मागून घेतलं.

आज रात्री बाहेर 4, बैठकीत 21, आईच्या पलंगाशी 16.5, जमिनीलगत 14. एकाच खोलीत गुडघ्याखाली आणि गुडघ्यावर अडीच अंशांचा फरक. आईचे पाय का गारठतात त्याचं उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं.

26 ऑक्टोबर

आज वारा सुटला होता, म्हणून फटी शोधायला आजचा दिवस धरला. आधी बॉयलर, म्हणजे पाणी तापवून घर गरम ठेवणारं गॅसचं यंत्र, बंद केला. मग स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला हवा बाहेर टाकणारा पंखा लावला. घरातली हवा बाहेर ओढली गेली की फटींतून आत येणारा झोत वाढतो आणि सापडतो. बॉयलर बंद ठेवणं महत्त्वाचं, कारण त्याच ओढीने त्याचा धूरही उलटा घरात येऊ शकतो.

थोरलीने उदबत्ती खिडकीच्या कडेकडेने सावकाश फिरवली. वरच्या चौकटीपाशी धूर सरळ वर गेला. उजव्या उभ्या कडेला जरासा थरथरला. डाव्या खालच्या कोपऱ्यात पोचल्यावर धुराची रेघ एकदम मोडली आणि आडवी होऊन खोलीत शिरली. बोट लावून पाहिलं. लाकडी चौकट आणि गिलावा यांच्यामध्ये नखाएवढी फट होती, आतलं जुनं भरण सुकून सुटलेलं, आणि बोटाच्या टोकाला गार हवेची बारीक धार लागत होती. तशीच धार बाहेरच्या भिंतीवरच्या प्लगच्या भोकांतून आणि भिंतीच्या तळाशी असलेल्या फळीखालून.

सगळ्यात मोठा झोत मात्र खोलीत नव्हताच. पॅसेजमध्ये, आईच्या दाराबाहेर माळ्यावर जायचं झाकण आहे. मगाचे पंखे बंद करून तिथे उदबत्ती धरली तर धूर त्याच्या कडेने सरळ वर खेचला गेला. गरम हवा हलकी असते, ती वर चढून माळ्यातून निसटते, आणि तिची जागा भरायला तेवढीच गार हवा खालच्या फटींतून आत येते. खालच्या फटी कितीही बुजवल्या तरी वरचं भोक उघडं असलं की घर ओढत राहणार. त्यामुळे कामाचा क्रम बदलला: आधी माळ्याचं झाकण, मग खिडकी, मग फळी आणि प्लग.

धाकट्याला उदबत्ती हवी होती. त्याला दिली नाही, पण "धूर कुठे पळाला" हे ओरडून सांगण्याचं काम त्याने चोख केलं.

2 नोव्हेंबर

माळ्याचं झाकण झालं. कडेला चारी बाजूंनी फोमची चिकट पट्टी, वर जाड इन्सुलेशनचा तुकडा चिकटवला, आणि झाकण दाबून बसावं म्हणून दोन कड्या. कड्यांशिवाय पट्टीचा उपयोग नाही; झाकण नुसतं ठेवलेलं असलं तर फोम दबत नाही आणि हवा जातेच.

खिडकीची फट खरवडून साफ केली, खोल होती तिथे फोमची दोरी दाबून बसवली आणि वरून सीलंट, म्हणजे फटी बुजवायचं लुकण, भरलं. तळाच्या फळीलाही तेच. प्लगसाठी मेन बंद करून कव्हर काढलं आणि मागे फोमची तयार गादी बसवली.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही तपासला. घर जितकं बंद कराल तितका हा अलार्म जास्त गरजेचा. जळणातून येणारा हा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. एक पॅसेजमध्ये होता, दुसरा आईच्या खोलीजवळ लावला.

3 नोव्हेंबर

बाहेर 3, पलंगाशी 18. रेडिएटरला, म्हणजे बॉयलरच्या गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या पत्र्याला, हात न लावता.

9 नोव्हेंबर

आज रेडिएटर आणि सामानाची मांडामांड. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागत होता, म्हणजे आत हवा अडकलेली. किल्लीने हवा सोडली, पाण्याचे थेंब येईपर्यंत थांबलो, मग बॉयलरचा दाब पाहून पाणी भरलं. पडदा रेडिएटरवरून खाली लोंबत होता. गरम हवा पडद्यामागे काचेकडे जात होती आणि खोलीला काहीच मिळत नव्हतं. बायकोने पडदा कट्ट्याच्या उंचीला कापून शिवला.

पलंगावरून आईशी बराच वेळ बोलणं झालं. उशी बाहेरच्या भिंतीला होती. हवा 20 अंश असली तरी शेजारची भिंत 13 अंशांची असेल तर अंगातली उष्णता त्या भिंतीकडे जात राहते, आणि माणसाला वाटतं कुठून तरी गार वारा येतोय. मी म्हटलं, "आई, पलंग आतल्या भिंतीला लावू." ती म्हणाली, "मग मला दार दिसणार नाही. पोरं उठली की मला इथून कळतं." हे मला माहीत नव्हतं. पहाटे पॅसेजमधला दिवा लागला की ती उठते, आणि मुलांचं आवरेपर्यंत त्यांच्याशी बोलत बसते. तिचा दिवसच तिथून सुरू होतो.

शेवटी पलंग आतल्या भिंतीला आडवा लावला, पायथ्याकडून दार दिसेल असा. तिने आडवं होऊन दोन्ही कुशींवरून पाहिलं आणि मग हो म्हणाली. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. मागे हवा खेळली नाही तर तिथे ओल धरून बुरशी येते.

23 नोव्हेंबर

पहिला बर्फ. रात्री पडायला लागला आणि सकाळपर्यंत कट्टे, तारा, पायऱ्या सगळं पांढरं. प्रकल्पाचं काम काही केलं नाही.

थोरलीने काळ्या मखमलीचा तुकडा रात्रीच बाहेर व्हरांड्यात ठेवला होता, म्हणजे तो बर्फाइतकाच गार होईल आणि त्यावर पडलेली पाकळी विरघळणार नाही. सकाळी भिंग घेऊन सगळे एकेक करून वाकले, आईसुद्धा शाल घेऊन दाराशी आली. सहा फांद्या, प्रत्येक फांदीला बारीक उपफांद्या, आणि एका कणाची एक बाजू खुंटलेली. श्वास रोखून पाहावं लागतं. धाकट्याने जवळ जाऊन "वा" म्हटलं आणि कण गेला. लगेच दुसरा पडला.

मग मी मुलांना विल्सन बेंटलीबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला हा शेतकरी. आईने दिलेल्या सूक्ष्मदर्शकातून तो पोरवयातच बर्फ पाहू लागला, आणि 1885 मध्ये त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला. पुढे आयुष्यभरात असे 5,000 हून जास्त. जपानमध्ये भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी 1936 मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमकण वाढवून दाखवला, आणि ढगातलं तापमान आणि ओलावा यांवर कणाचा आकार कसा ठरतो ते मांडलं: उणे 5 च्या आसपास सुया, उणे 15 च्या आसपास या अशा फांद्यांच्या चांदण्या. थोरलीने वहीत आकड्यांशेजारी कणाची आकृती काढायला सुरुवात केली आहे. काढू दे. त्या वहीत आता दोन्ही राहील.

30 नोव्हेंबर

दाराशी ओल्या वस्तूंची व्यवस्था. बुटांना कड असलेला मोठा ट्रे, खाली जाळी. हातमोजे, टोप्या अडकवायला मुलांच्या उंचीवर खुंट्या. मोजे रेडिएटरवर वाळत घालणं बंद, कारण तो सगळा ओलावा हवेत जातो आणि सगळ्यात गार काच शोधून तिथे बसतो. आणि आईची काच सगळ्यात गार. घरातली माणसं, आंघोळी, स्वयंपाक, ओले कपडे मिळून रोज कित्येक लिटर पाणी हवेत सोडतात. ते कुठे तरी जाणारच.

14 डिसेंबर

कडक थंडी. बाहेर उणे 11. सकाळी आईच्या खिडकीच्या खालच्या कडेला आतून बर्फाची झालर धरली होती आणि कट्ट्यावर पाणी.

गणित सोपं आहे. हवा 20 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असेल तर साधारण 9 अंशांना दव पडतं. जुन्या एकेरी काचेची आतली बाजू या थंडीत शून्याच्या आसपास उतरते. आर्द्रता 40 टक्क्यांवर आणली तरी दव 6 अंशांना पडतं, म्हणजे काच ओली होणारच. दोन गोष्टी लागतात: ओलावा कमी करणं आणि आतला पृष्ठभाग गरम करणं.

पहिलीसाठी रोज सकाळ-संध्याकाळ पाच-सात मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या. आईला हे पटेना. "एवढी फट बुजवलीस आणि आता खिडकीच उघडतोस?" तिचा प्रश्न बरोबर आहे. पण फटीतून हवा दिवसरात्र, नको तेव्हा येते. खिडकी आपण ठरवून उघडतो. उणे 10 च्या हवेत घनमीटरमागे जेमतेम 2 ग्रॅम पाणी मावतं, तीच हवा आत 20 ला तापली की 17 ग्रॅम सामावू शकते, म्हणजे ती घरातली ओल भरभरून घेते. थोड्या वेळात भिंती आणि सामान गार होत नाहीत, त्यामुळे खोली लगेच पुन्हा तापते. तेवढा वेळ आई बैठकीत येते.

दुसरीसाठी चौकटीवर आतून पारदर्शक फिल्म लावली. चारी कडांना दुहेरी टेप, त्यावर फिल्म सैलसर चिकटवली आणि हेअर ड्रायर फिरवला. सुरकुत्या एकेक करून ओढल्या गेल्या आणि फिल्म ताणून काचेसारखी झाली. काच आणि फिल्म यांच्यामधली दोनेक सेंटीमीटरची स्थिर हवा हेच खरं पांघरूण. खिडकीचा उघडायचा झडपेचा भाग फिल्मबाहेर ठेवला, हवा देण्यासाठी.

16 डिसेंबर

बाहेर उणे 10, पलंगाशी 19.5, जमिनीलगत 18. फिल्मची आतली बाजू कोरडी.

21 डिसेंबर

वर्षातला सर्वांत लहान दिवस. आज विषय उबेचा नाही, उजेडाचा.

आईची खोली गरम झाली, पण ती अंधारीच आहे. गेले काही दिवस ती दुपारीही झोपते आणि रात्री जागी असते. हिवाळ्यात उजेड कमी पडला की काही माणसांचं मन आणि झोप दोन्ही बिघडतात. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये या विकाराचं वर्णन केलं, तेव्हापासून त्यावर प्रखर दिव्याचे उपचार होतात. आईला तो विकार आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरांनी बघायचं. पण घरात दिव्याखाली जेमतेम काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार. ताजा बर्फ पडलेल्या उजेडातला 80 टक्क्यांहून जास्त परत फेकतो, म्हणजे बर्फाच्या दिवशी खिडकीपाशी बसणं फुकट जाऊ नये.

म्हणून आमच्या झोपायच्या खोलीतल्या दक्षिणेच्या खिडकीशी तिची खुर्ची आणि पायाखाली जाड चटई. सकाळी दहा ते बारा ती तिथे. सुट्टीत धाकटा तिच्याजवळ बसून वाचतो. अडखळला की ती थांबून राहते, शब्द पुरवत नाही. माझ्याकडे तो धीर नाही, मी लगेच सांगून टाकतो.

8 जानेवारी

वादळ. दुपारपासून बर्फ आडवा येतोय. बाहेर उणे 14 आणि उतरतंय.

केलेली कामं: सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवली, तिथला पाइप बाहेरच्या भिंतीतून येतो. त्या नळाला बारीक धार सोडली. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि गोठलेला भाग आणि बंद नळ यांच्यामध्ये दाब वाढून पाइप फुटतो. नळ किंचित उघडा असला की दाबाला वाट मिळते. मुख्य पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते थोरलीला दाखवलं आणि तिच्याकडून बंद-चालू करून घेतलं. बॉयलरचा धूर बाहेर टाकणारा पाइप बर्फात बुजत नाही ना, हे बाहेर जाऊन पाहिलं. बुजत होता. आजूबाजूचा बर्फ हाताने मोकळा केला. रात्री पुन्हा बघायचं.

9 जानेवारी

रात्री वीज गेली. बॉयलर गॅसचा असला तरी त्याचा पंप आणि पंखा विजेवर, म्हणजे सगळं घर गार होणार.

एका खोलीत सगळ्यांनी राहायचं हे आधीच ठरलं होतं. कुठल्या, हा प्रश्न काल रात्री पडलाच नाही. सगळ्यात लहान आणि आता सगळ्यात घट्ट बंद होणारी खोली आईचीच. गाद्या जमिनीवर टाकल्या, खाली चटया आणि पुठ्ठे, दाराच्या फटीला गुंडाळलेलं कांबळं. स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता देतो. आम्ही पाच जण म्हणजे अर्ध्या किलोवॅटचा हीटर. उजेडाला बॅटरीचा दिवा, मेणबत्ती नाही. शेगडी किंवा कोळसा पेटवून खोली तापवायची नाही, हे मुलांनाही कारणासकट सांगितलं. मधूनमधून दार उघडून हवा बदलली.

आई पलंगावर, धाकटा तिच्या पांघरुणात. तिने गोष्ट सांगायला घेतली, थोरली मधेमधे "असं कसं" म्हणून अडवत होती आणि आई प्रत्येक वेळी उत्तर देऊन पुढे जात होती. बायको आणि मी आळीपाळीने थर्मामीटर पाहत होतो. बैठक पहाटेपर्यंत 9 अंशांवर गेली. ही खोली 15 च्या खाली गेली नाही. वीज सकाळी आली.

10 जानेवारी

पायवाट मोकळी केली. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला 50 ते 100 किलो, ओला झाला की 400 किलोच्या घरात. त्यामुळे ऊन पडून जड होण्याआधी उचललेला बरा. फावडं भरून कमरेतून वळायचं नाही, ढकलत न्यायचं. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि अचानक पडलेल्या श्रमाचा भार हृदयावर येतो, म्हणून बायको आणि मी थोडं थोडं वाटून घेतलं.

25 जानेवारी

छपराच्या कडेला बर्फाचे लांब सुळे लोंबतायत. दिसायला सुंदर, पण निदान वाईट. माळ्यात गळणारी उष्णता छपरावरचा बर्फ खालून वितळवते, पाणी घरंगळत गार कडेपर्यंत येतं आणि तिथे गोठून बांध बनतो. मागे साचलेलं पाणी मग कौलांखाली शिरतं. आईच्या खोलीवर, जिथे झाकण बंद केलंय त्या बाजूला, सुळे नाहीतच. बैठकीवर मात्र रांग आहे. तिथल्या दिव्यांच्या भोकांतून हवा वर जात असणार. उन्हाळ्याच्या यादीत टाकलं. सुळ्यांखालून जायचं नाही, मुलांना ताकीद.

11 फेब्रुवारी

मुलं घरात बसून बसून कावली आहेत. सकाळी रिमोटवरून भांडण, दुपारी खुर्चीवरून. आमचाही आवाज चढला.

तेव्हापासून नियम: वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे 20 च्या वर असेल तर रोज सगळ्यांनी बाहेर पडायचं, थोडा वेळ का होईना. उणे 10 आणि ताशी 30 किलोमीटर वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे 20 इतकंच. त्यामुळे थर्मामीटरबरोबर वाराही पाहायचा. आईसाठी पायऱ्यांपासून फाटकापर्यंत वाळू टाकतो. उणे 10 च्या खाली साधं मीठ बर्फ फारसं वितळवत नाही, वाळू निदान पाय घसरू देत नाही. ती फाटकापर्यंत जाते, परत येते. थोरली हात धरत नाही, शेजारून चालते. आईला तसंच हवं असतं.

1 मार्च

वहीतले आकडे जोडून पाहिले. बाहेर उणे 8 ते उणे 12 असलेल्या रात्री आईच्या पलंगाशी 19.5 ते 20.5. जमिनीलगत 18 च्या आसपास. लक्ष्य गाठलं.

दुपारी आई आता तिच्याच खोलीत असते, दार अर्धवट लोटून. दार पूर्ण उघडं असलं तर मुलं आत शिरतात, लोटलेलं असलं तर टकटक करतात. हा नियम कोणी केला नाही, आपोआप पडला. काल संध्याकाळी थोरली अभ्यासाची वही घेऊन गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

22 मार्च

बाहेर 9. फिल्म काढली, टेपचा चिकटपणा कोमट साबणपाण्याने पुसला, खिडकी पूर्ण उघडली. चौकटीचं सीलंट एका जागी भेगाळलंय, पुन्हा भरावं लागेल.

उन्हाळ्याची कामं: बैठकीवरच्या दिव्यांची भोकं माळ्यातून बंद करणं, त्यासाठी उष्णता सोसणारी झाकणं, सिंकखालच्या पाइपला फोमची नळी, लांबी 1.8 मीटर, बॉयलरचा धुराचा पाइप उंच करता येतो का हे जाणकाराला विचारणं. आईने यादीत एक काम स्वतः घातलंय: तिच्या पलंगाशेजारी मुलांच्या पुस्तकांसाठी फळी, आतल्या भिंतीला, 90 सेंटीमीटर.